गंगाधर आप्पा आणि बोटीची कातडी

माझे करड्या रंगाचे मोजे मी एका शेळीच्या पायांत पाहिले, त्या दिवशी माझी आणि गंगाधर आप्पांची खरी ओळख झाली.

तोवर ते माझे नुसते शेजारी होते. मी मूळचा वडवणीचा. बदली होऊन केज तालुक्यातल्या या धरणकाठच्या गावात प्राथमिक शाळेवर आलो आणि आप्पांच्या घराला लागून असलेली खोली भाड्यानं घेतली. दोन-तीन दिवसांत आप्पांनी कुंपणावरून हाक मारली, “गुरुजी, जुने मोजे हायत का?” मला वाटलं, म्हाताऱ्याला थंडी वाजत असेल. मी दोन जोड धुऊन, घडी घालून दिले. रविवारी पाण्याकडे फिरायला गेलो, तर काठाला एक पांढरी होडी, होडीत एक शेळी आणि शेळीच्या चारही पायांत माझे मोजे. वरून सुतळीनं घट्ट बांधलेले. शेळीचा मालक लाजून दुसरीकडे बघत होता. शेळीची मात्र काही तक्रार दिसली नाही.

“खुरं लागत्यात,” आप्पांनी खुलासा केला. “कातडी हाय ती, गुरुजी. कातडी सांभाळाया पायजे.”

कातडी म्हणजे शेळीची नव्हे, बोटीची. आप्पांची बोट फायबरची. आत काचेच्या धाग्यांचं कापड, त्याला मुरवलेलं रसायन, आणि या सगळ्यावर नखाएवढ्या जाडीचा एक गुळगुळीत, चकचकीत थर. त्या थराला जेलकोट म्हणतात. बोटीची सगळी चमक त्या जेलकोटची, आणि आतल्या कापडाला पाणी लागू न देण्याची जबाबदारीही त्याचीच. ही माहिती मला आप्पांनी पहिल्या भेटीतच दिली. मी विचारली नव्हती.

आमच्या गावासमोर धरणाचा फुगवटा पसरलेला आहे. पलीकडच्या काठावरही गावं आहेत, शेतं आहेत. डांबरी रस्त्यानं तिकडं जायचं तर केजला वळसा घालून दोन जीपा बदलाव्या लागतात. पाण्यावरून गेलं तर एक विडी ओढून होईस्तोवर माणूस पोचतो. म्हणून कुणाला पलीकडं जायचं असलं की तो आप्पांकडे येतो, आणि आप्पा त्याला होडीत बसवण्याआधी त्याची झडती घेतात. चपला काखेत. खिशातल्या किल्ल्या रुमालात. कोयता, खुरपं गोणपाटात गुंडाळलेलं. बायकांनी जोडवी काढावीत असं म्हणायची त्यांची हिंमत नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी मऊ चिंध्यांच्या पट्ट्या ठेवलेल्या. एकदा गावातले एक वजनदार पुढारी पायातल्या कडक बुटांसकट चढायला निघाले. आप्पा म्हणाले, “साहेब, देवळात जाता तसं या.” साहेब देवळात कधी जात नसावेत, पण बूट काढले.

ही बोट आप्पांनी आणली कुठून? एका शहरगावातल्या बागेत तळं होतं, तळ्यात बोटिंग होतं. तळं आटलं, बोटिंग बंद पडलं, बोटी विकायला निघाल्या. आप्पा त्या दिवशी त्या गावी बी-बियाणं आणायला गेले होते. बियाण्याऐवजी टेम्पोत बोट घालून परतले. आमच्याकडं मासेमारी करणारे लोक थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकतात. त्या लोकांमध्ये ही पांढरी वस्तू उतरली तेव्हा दोन दिवस गावाला दुसरा विषय नव्हता.

पुढं एक उन्हाळा असा आला की फुगवट्याचं मैदान झालं. पाणी एवढं लांब गेलं की बोट काठावर नाही, चक्क रानात उभी होती. आप्पा रोज सकाळी तिथं जाऊन तिला मेण लावून घासत बसायचे. जाणारे-येणारे म्हणायचे, “आप्पा, चाकं बसवा की तिला, केजच्या बाजाराला जाऊ.” आप्पा मान वर न करता म्हणायचे, “पाणी आज न्हाई, उद्या यील. तवा तिनं फाटक्या अंगानं पाण्यात जायाचं का?” पाणी उशिरा का होईना आलं, तेव्हा बोट तयार होती. चेष्टा करणारे पलीकडं जायला रांगेत उभे राहिले आणि आप्पांनी प्रत्येकाच्या चपला काढून घेतल्या.

जेलकोटला ओरखडा गेला, टवका उडाला, तर तो भरायचा कसा, हे आप्पा मांजरसुंब्याला शिकले. तिथं हायवेला ट्रॅव्हल्सच्या गाड्यांचे फायबरचे बंपर दुरुस्त करणारा एक कारागीर आहे. आप्पा त्याच्याकडं जाऊन बसायचे. कारागिराला आधी वाटलं हे गिऱ्हाईक आहे, मग वाटलं हे पाहुणे आहेत, शेवटी कंटाळून त्यानं शिकवलं. तेव्हापासून आप्पांच्या घरात देवळीत उदबत्तीच्या पुड्याशेजारी, जेलकोट घट्ट करणाऱ्या हार्डनरची बाटली असते.

सगळ्यात अवघड काम रंग जुळवायचं. मला वाटायचं, पांढरा तो पांढरा. आप्पांनी माझी समजूत दुरुस्त केली. “दुधाचा पांढरा येगळा, चुन्याचा येगळा, पुढाऱ्याच्या सदऱ्याचा तर लईच येगळा.” बोटीचा पांढरा रंग उन्हानं किंचित पिवळट झालेला. तो जुळावा म्हणून ते दिसेल ती वस्तू बोटीला लावून बघत. ज्वारीचं पीठ लावून बघितलं, कवडी लावून बघितली. एकदा मला म्हणाले, “गुरुजी, आ करा.” मी भाबडेपणानं केला. ते माझ्या दातांकडं बघत राहिले, मग बोटीकडं, मग परत दातांकडं. “जमतंय,” ते खूश होऊन म्हणाले. त्यानंतर आठवडाभर मी वर्गात तोंड मिटून शिकवलं.

एवढं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, हा माणूस बोटीच्या नादानं वेडा झालेला आहे. गावही तेच म्हणायचं. मीही म्हणायचो. पण बोट कशासाठी, हे मला पहिल्या नागपंचमीला कळलं.

आप्पांची थोरली बहीण, कौसा अक्का, पाण्याच्या पलीकडच्या गावात दिलेली. आमच्याकडं पंचमीला लेकी माहेरी येतात आणि त्यांना आणायला माहेरचा माणूस मुराळी म्हणून जातो. धरण नव्हतं तेव्हा आप्पा बैलगाडी जुंपून नदीच्या उतारातून जायचे. पुढं नदीचं धरण झालं आणि सगळा उतार पाण्याखाली गेला. राहिली जीप. पण अक्कांना इंजिनाच्या गाडीची अशी काही शिसारी आहे की जीपचं नाव काढलं तरी त्यांना मळमळतं. त्यात गुडघे गेलेले. काही वर्षं त्या आल्याच नाहीत. मग आप्पा बियाणं आणायला गेले आणि बोट घेऊन आले. तेव्हापासून दर पंचमीला साठी उलटलेला मुराळी स्वच्छ धुतलेलं धोतर नेसून वल्ही मारत पलीकडं जातो आणि सत्तरीतल्या लेकीला माहेरी घेऊन येतो. ती बैलपोळ्यापर्यंत राहते. आप्पांची बायको वारून बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला कंपनीत. वर्षातले हे तीन-चार आठवडेच काय ते आप्पांच्या घरात दोन ताटं वाढली जातात.

गेल्या वर्षी मात्र गोष्ट फिरली. उन्हाळ्यात वल्हवताना आप्पांना मधोमध भोवळ आली. एका तराफेवाल्यानं बोट काठाला लावली. बातमी पुण्याला पोचली आणि मुलानं फोनवर निक्षून सांगितलं, “आप्पा, आता पुरे. बोट विका आणि इकडं या.” मुलाचंही चुकीचं नव्हतं. कधी नव्हे ते आप्पांनी ऐकलं. गिऱ्हाईकही मुलानंच शोधलं. मांजरसुंब्याजवळ नवा ढाबा काढणारा एक जण.

ढाबेवाला बोट बघायला आला. बोट बघून खूश झाला. आप्पा त्याला सांगत होते की हिला उन्हात ठेवताना ओलं गोणपाट टाका, पाण्यात सोडताना अमुक करा.

“पाण्यात कशाला?” तो म्हणाला. “ढाब्याच्या म्होरं खडीवर ठिवायची. मागनं लायटिंग. गिऱ्हाइकं येत्यात, बसत्यात, फोटू काढत्यात.”

“चपला घालून?” आप्पांनी विचारलं.

ढाबेवाला हसला. त्याला तो विनोद वाटला. पोळा झाला की बोट न्यायची, असं ठरलं.

त्या पंचमीला आप्पा मला सोबत घेऊन गेले. मुलानं घातलेली अट होती, एकट्यानं पाण्यात जायचं नाही. मला पोहता येत नाही, हे मी सांगितलं. “पवायचं कशाला? बसायचं,” आप्पा म्हणाले. मी पुढच्या टोकाला बसून पाण्याखालचे बाभळीचे बुंधे दिसले तर ओरडायचं, एवढंच माझं काम. वल्हवणाऱ्याचं तोंड मागं असतं, त्याला पुढचं दिसत नाही.

अक्का काठावर गाठोडं घेऊन बसूनच होत्या. लहानखुऱ्या, कपाळावर मोठं गोंदण, आणि भावावर सतत डाफरण्याची सवय. “वाळलास कावून एवढा? जेवतोस का नुस्ती बोट घासतोस?” आप्पांनी त्यांच्या पायांना चिंध्या बांधल्या, हात धरून बसवलं. अर्ध्या पाण्यात आल्यावर वल्ही न थांबवता ते म्हणाले, “अक्का, ही आखरीची पंचमी. बोट इकली म्या. पोळ्यापस्तोर हाय.”

“बरं,” अक्का म्हणाल्या. “पोरगं म्हणतंय तर जावं.” मग मागून नाक पुसल्याचा आवाज आला. मी पुढं तोंड करून बसलो होतो ते बरंच झालं.

आणि तेवढ्यात ‘टक्’ असा आवाज झाला. गढूळ पाण्याखाली जुन्या विहिरीचं दगडी तोंड होतं. नजर कितीही लावली असती तरी ते दिसलं नसतं. बोटीच्या नाकाला चिंचोक्याएवढा टवका उडाला, भोवती केसासारख्या बारीक चिरा गेल्या.

“लागलं का रं तेला?” अक्का दचकून म्हणाल्या.

“बोट हाय ती, अक्का. तिला काय लागतंय?” आप्पा म्हणाले. उठता-बसता कातडी-कातडी करणारा हा माणूस! मी मागं वळलो, तर तेही मान वळवून नाकाकडं बघत होते; त्यांनी माझी नजर चुकवली.

ढाबेवाल्याला मी फोटो पाठवला. त्यानं सांगितलं, तेवढं नाकाचं नीट करून द्या, फोटोत पहिलं नाकच येतं. आप्पाही म्हणाले, “डाग असलेली वस्तू म्या कुणाला देत न्हाई.” श्रावणाच्या सरी चालू होत्या, म्हणून आम्ही चार-सहा जणांनी बोट उचलून आप्पांच्या गोठ्यात आणली. बैल विकल्यापासून गोठा मोकळाच होता. जुन्या टायरांवर बोट ठेवली, नाक गव्हाणीकडं. अक्का दारातून बघत होत्या. “बैल बांधल्यावानी दिसतंय,” त्या म्हणाल्या.

मग दुरुस्ती सुरू झाली. मी मदतनीस. आप्पांनी पात्याच्या टोकानं सैल झालेले कडेचे पापुद्रे काढले, प्रत्येक चीर खरवडून रुंद केली. मला ते उलटं वाटलं. आधीच जखम, तिला आणखी मोठी कशाला करायची? “वरनं लिंपलं तर आतनं चीर तशीच ऱ्हाती,” ते म्हणाले. भोवतीनं पॉलिश पेपरनं घासलं. शेवटी बाटलीतलं, तेलकटपणा काढणारं अ‍ॅसिटोन फडक्यावर घेऊन तो भाग पुसला. एकदा, मग नवं फडकं घेऊन पुन्हा. “बोटाचं तेल बी चालत न्हाई. तेलावर जेलकोट धरत न्हाई, गुरुजी. हात लावू नका.” मी हात पाठीमागं बांधून उभा राहिलो. तोवर संध्याकाळ झाली. रंग सूर्याच्या उजेडातच जुळतो, म्हणून उरलेलं काम सकाळवर ठेवलं.

सकाळी आप्पांनी वाटीत जेलकोट घेतला, रंगाचा कण मिसळला, माझे दात पुन्हा एकदा तपासले. देवाचं नाव घेत हार्डनरचे थेंब टाकले. जास्त पडले तर तडकतो, कमी पडले तर वाळत नाही. टवक्यात काठोकाठ भरलं. त्याला हवा लागली तर वरून चिकट राहतो, म्हणून वर पातळ प्लॅस्टिक चिकटवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लॅस्टिक काढलं, आणि प्लॅस्टिकबरोबर अख्खं ठिगळ हातात आलं.

आप्पांनी ते उलटं करून बघितलं. नाकाजवळ नेलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “गुरुजी, तुमी डोक्याला तेल लावता.”

“लावतो. खोबरेल.”

“वाकून बघत हुता काल. थेंब पडला असंल.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. मी शपथेवर सांगितलं की मी हातभर लांब होतो. उपयोग झाला नाही. पुढच्या वेळी मला शिकेकाईनं डोकं धुऊन, वर टोपी घालून गोठ्यात यावं लागलं. शाळेतली पोरं आठवडाभर विचारत होती, गुरुजींनी टोपी कधीपासून धरली.

दुसरं ठिगळही निघालं. त्या वेळी दोष हवेवर गेला. “दमट हाय हवा. बिलकूल सुकत न्हाई.” तिसरं निघालं तेव्हा हार्डनर जुनं असल्याचा निकाल लागला. केजच्या दुकानदाराला फोनवर चार शब्द ऐकवले. मी नवीन बाटली आणून दिली. चौथंही निघालं. इकडं ढाबेवाल्याचे फोन वाढत चालले. उद्घाटन जवळ आलं होतं, त्याला फोटोसाठी दारात काहीतरी हवं होतं. मुलाचेही फोन येत. आप्पा त्याला ऐकवायचे, “अरे, करतोय की. धरतच न्हाई, त्येला म्या काय करू?” आणि फोन ठेवून शांतपणे भाकरी खायला बसायचे. एवढा शांतपणा मला खटकायला लागला. एरवी बोटीला पोराच्या नखाचा ओरखडा गेला तर जेवण न जाणारा माणूस हा.

मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. अ‍ॅसिटोनची नवी बाटली मीच आणली होती. तिचं झाकण सीलबंदच होतं. पहिल्या दिवसानंतर आप्पांनी ती जागा एकदाही पुसली नव्हती. घासायचे, भरायचे, झाकायचे, सगळं रीतसर, पण मधली ती एक पायरी गाळून. आणि निघालेल्या ठिगळाच्या पोटाला पिवळसर झाक असायची. मला वाटायचं, रंग चुकला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ढाबेवाल्याचा फोन माझ्या मोबाइलवर आला. आप्पांनी स्वतःचा बंद करून ठेवला होता. “द्या जरा त्या म्हाताऱ्याला. आज हो का न्हाई सांगा म्हणावं.” मी फोन हातात धरून कुंपण ओलांडलं आणि गोठ्याच्या दारात थबकलो.

आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी करतात. वर्षभर जू ओढून दमलेल्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. गोठ्यात अक्का पाटावर बसल्या होत्या. हळद कालवलेलं तूप तळहातावर घेऊन त्या बोटीचं नाक चोळत होत्या, अगदी त्या टवक्यावर, हलक्या हातानं, दुखऱ्या जागेला चोळावं तसं. हात सराईत होता. रोज संध्याकाळी दिवा लागला की त्या इथं येत असणार, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. आणि त्यांच्याजवळ तुपाची वाटी धरून आप्पा उभे होते. कुणाच्या बोटाचा ठसा खपवून न घेणारे आप्पा!

“आज आवतन घ्या, उद्या जेवाया या,” अक्का बोटीला म्हणाल्या.

“डाव्या अंगाला बी लाव, अक्का,” आप्पा हळूच म्हणाले. “तिकडं ऱ्हायलं.”

माझ्या हातातला फोन ‘हॅलो, हॅलो’ करत होता. मी तो कापला आणि आल्या पावली परत फिरलो.

पोळ्याच्या दिवशी गावात मोजकेच बैल सजून निघाले. आता सगळं ट्रॅक्टरवर आलंय. अक्कांनी बोटीच्या नाकापुढं पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला. बोट काही खाईना, म्हणून तो माझ्या वाट्याला आला. अक्का आत भांडी आवरत होत्या तेव्हा मी ओट्यावर बसून आप्पांना सरळ विचारलं, “तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

आप्पा हसले नाहीत. “पैल्या ठिगळालाच. गाईच्या तुपाचा वास लपतोय व्हय?”

“मग माझ्या डोक्यावर का आळ घेतलात?”

“कुणावर तरी घ्यावा लागतोय, गुरुजी. तिच्यावर घेतला असता तर तिनं फिरून हात लावला नसता.” थोडा वेळ ते सुपारी कातरत राहिले. “तिला वाटलं, मला वढताना तेला लागलं. बैलाचा खांदा सुजला की लावायची, तसं तूप लावाया लागली. म्या म्हटलं, लावू दे. ठिगळ धरत न्हाई तवर बोट जात न्हाई. बोट हाय तवर तिचं माहेर हाय. आन् काल तिनं आवतन दिलं. आवतन दिल्याला कुणी इकतं का?”

मी नैवेद्याचं रिकामं ताट बाजूला सारलं.

“तिला बोलू नका,” आप्पा म्हणाले. “आपल्या तुपानं पोराचा सौदा मोडला म्हणून जिवाला लावून घील. लई हळवी हाय ती.”

ढाबेवाल्यानं वाट बघून दारात एक जुनी बैलगाडी रंगवून उभी केली. पुण्याच्या मुलाला आप्पांनी सांगितलं की बोट विकली जात नाही आणि मीही तिच्याशिवाय येत नाही. बरीच घासाघीस होऊन तोड निघाली. केजच्या डॉक्टरला दाखवून गोळ्या घ्यायच्या, आणि पाण्यात गुरुजींशिवाय पाऊल टाकायचं नाही. या तहात गुरुजींचं मत कुणी विचारलं नाही. बोटीचं नाक आप्पांनी नंतर एका सकाळी पुसून, भरून, घासून असं काही केलं की मला तो टवका कुठं होता हेही शोधता आलं नाही.

अक्कांना सोडायला आम्ही दोघं गेलो. पलीकडच्या काठाला लागल्यावर आप्पा गाठोडं खांद्यावर टाकून वर कडुलिंबापर्यंत ठेवायला गेले. मी अक्कांच्या पायांच्या चिंध्या सोडत होतो. त्या एकदम खाली वाकल्या.

“गुरुजी, एक सांगू? गंगाला बोलू नका.”

“काय?”

“तूप लावलं की तेचं ते औषध धरत न्हाई, मला म्हाईत हाय. पैल्या दिशी म्या मायेनं लावलं. ठिगळ निघालेलं बघितलं, मग त्या दिशीपासनं इचार करून लावलं.” त्यांचं गोंदण आक्रसलं. हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. “तेला कळलं तर म्हणंल, अक्का मतलबी निघाली. लई साधा हाय तो.”

आप्पा उतरून आले. “काय म्हणतीया?”

“जेवून जा म्हणतात,” मी म्हणालो.

“नगं, उशीर हुईल,” म्हणून त्यांनी वल्ही हातात घेतली. मी पुढच्या टोकाला जाऊन बसलो, तोंड आमच्या गावाकडं. दोघांचीही गुपितं माझ्यापाशी, आणि दोघांनाही सांगायची बंदी. कोणाला काही न सांगण्यात एवढं सुख असतं, हे मला त्या दिवशी कळलं. पाणी शांत होतं. बोट फार सावकाश चालली होती. एका विडीची वाट, पण आम्ही अजून मधोमधही आलो नव्हतो. मला वाटलं, आप्पांना पुन्हा भोवळ येतेय की काय.

“आप्पा, थकलात का?”

“न्हाई.”

मी बुंधे बघायचे सोडून मागं वळलो. वल्हवणाऱ्याचं तोंड मागं असतं. आप्पा पलीकडच्या काठाकडं बघत होते; त्यांच्या पाठीआडून मला काठ दिसत नव्हता. एक वल्हं मारायचे, थांबायचे, मग दुसरं.

“अक्का गेल्या का घरी?” मी विचारलं.

“न्हाई,” आप्पा म्हणाले. “अजून हुबी हाय.”